सात पडलाय

१

दुपारी साडेबाराला थोरली केंद्रात शिरली तेव्हा बाबांची खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या हातावर चष्म्याचा डबा होता, आणि डब्यात चष्मा. तिनं डबा उचलला. जवळचं अक्षर बाबा नाकाला लावून वाचायचे, पण चष्म्याशिवाय त्यांना चार पावलांवरची मोटार दिसायची नाही. थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि ही भिंगं तिनंच बसवली होती.

केंद्र म्हणजे म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळणारी जागा. एक लांबलचक दिवाणखाना, बारा आरामखुर्च्या, मागे अंगण आणि अंगणाला लोखंडी फाटक. बाबांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. दुसऱ्यांच्या चुका काढून काढून केस पांढरे केले, आणि गेल्या दोन वर्षांत स्वतःच्या पोरांची नावं विसरले. घराचा पत्ता तर पार पुसला गेला होता.

म्हणूनच त्यांच्या मनगटावर ते घड्याळ होतं. दिसायला घड्याळ, पण पोटात सिमकार्ड. त्यावर बोलायची सोय नव्हती. आपण कुठे आहोत एवढंच ते सारखं कळवायचं, आणि केंद्राच्या मोबाईलवर नकाशात ठिपका उमटायचा. ठिपक्याखाली बाबांचं नाव. पट्टा किल्लीशिवाय निघायचा नाही.

"घाबरू नका हो ताई," व्यवस्थापकबाईंनी मोबाईल तिच्यापुढे धरला. "हा बघा ठिपका. बाबा इथंच आहेत, याच इमारतीत."

मग शोधाशोध सुरू झाली. न्हाणीघर, स्वयंपाकघर, जिन्याखालची अडगळ, गच्ची. थोरलीनं पाण्याच्या टाकीचं झाकण स्वतः उचललं आणि उचलताना डोळे गच्च मिटून घेतले. टाकीत पाणी होतं, दुसरं काही नव्हतं. तिनं झाकण परत ठेवलं.

खाली आली तर व्यवस्थापकबाईंचा चेहरा उतरला होता.

"ठिपका इथं आणि माणूस नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणजे कोणीतरी किल्लीनं घड्याळ काढलं, इथंच कुठेतरी टाकलं, आणि त्यांना बाहेर नेलं."

पोलीस चौकीत फोन करून झाला. किल्ल्या तीनच होत्या. एक व्यवस्थापकबाईंच्या कपाटात, एक मावशींच्या कमरेला, आणि तिसरी धाकट्याकडे. धाकटा म्हणजे थोरलीचा सख्खा भाऊ. त्याचा फोन अकरा वाजल्यापासून बंद होता.

२

मावशी केंद्रातल्या मदतनीस. बाबांचं जेवण, औषध, फिरणं, सगळं त्यांच्याकडे. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि पदराचं टोक चावत होत्या.

"साडेअकराला मी फोनवर बोलायला मागच्या पडवीत गेले," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं, शप्पथ सांगते. लेकीचा फोन होता."

"आणि फाटक?"

"धुलाईची गाडी आली होती. चादरी आत घ्यायच्या म्हणून कडी काढली होती."

"आणि लावली कोणी?"

मावशींनी फाटकाकडे पाहिलं. थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. "तुमच्या कमरेला किल्ली, तुम्ही फाटकापाशी, आणि तुम्हालाच काही दिसलं नाही? माझ्या बाबांना कोणाच्या हवाली केलंत, मावशी?"

बोलून गेली आणि बोलता बोलताच तिला कळलं, की हे शब्द आता माघारी घेता येणार नाहीत. मावशींनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

धाकटा पावणेदोनला आला. गाल टमटमीत सुजलेला. त्याला पाहताच थोरली त्याच्या अंगावर धावून गेली, कारण परवाच दोघांचं वाजलं होतं. बाबांना मी माझ्या घरी नेणार, असं तो म्हणाला होता, आणि रागाच्या भरात पुढे असंही की तुला कळणारसुद्धा नाही.

"कुठे ठेवलंयस त्यांना?"

"आई गं! काय बोलतेस ताई?" धाकटा गाल धरून बोबडं बोलत होता. "दाताच्या डॉक्टरकडे होतो. दाढ काढली. हा बघ कापूस!"

त्यानं खरंच तोंड उघडून दाखवलं. एरवी थोरली हसली असती. तिनं कापूस पाहिला, रक्त पाहिलं आणि मागे सरकली. भावावरचा संशय गेला होता, पण बाबा काही त्यामुळे जवळ आले नव्हते.

कार्यालयातला कारकून एव्हाना चौथ्यांदा सगळे खण उपसत होता. तरुण, पापभिरू दिसणारा माणूस. घड्याळांची यादी, वही, मोबाईल सगळं तोच बघायचा. "घड्याळ इथंच असणार, इथंच असणार," असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. मोबाईलमध्ये इशाऱ्याचं बटण होतं. ते दाबलं की घड्याळ थरथरायचं. त्यानं पुन्हा दाबलं आणि सगळ्यांनी कान टवकारले. कुठून काही आवाज आला नाही.

नाही म्हणायला खिडकीजवळच्या खुर्चीत कप्तानांनी स्वतःच्या मनगटावर फाडकन चापट मारली. कप्तान कधी बोटीवर गेले नव्हते. त्यांनी जन्मभर बस चालवली आणि प्रवाशांना हुकूम सोडले, म्हणून कप्तान.

"किती डास झालेत इथं!" ते गरजले. "भरदुपारी चावतायत लेकाचे!"

त्यांच्याकडे कोणीच लक्ष दिलं नाही.

३

केंद्राला घड्याळांतली ही बारा सिमकार्डं विकली होती समोरच्या गल्लीतल्या कार्डकाकूंनी. मोबाईलच्या दुकानांच्या रांगेत त्यांची टपरी सगळ्यांत अरुंद. पण टपरी टाकण्याआधी त्यांनी एका फोन कंपनीच्या गोदामात वीस वर्षं नुसती कार्डं मोजली होती. व्यवस्थापकबाईंनी त्यांना बोलावलं ते केवळ काहीतरी केल्याचं समाधान म्हणून.

काकू आल्या त्या गळ्यात दोरीनं बांधलेलं भिंग अडकवून. कोणाला धीर नाही, सहानुभूती नाही. थेट मुद्द्याला हात.

"कार्डाचा नंबर सांगा."

"या घड्याळावर फोन करता येत नाही," थोरली म्हणाली.

"मोबाईल नंबर कोण विचारतंय? तो पाहुणा. कार्ड हरवलं की तोच नंबर दुसऱ्या कार्डावर जाऊन बसतो. मी कार्डाचा स्वतःचा नंबर विचारतेय. वीस आकडी, कार्डावरच छापलेला. कार्ड मोडीत निघेपर्यंत तो बदलत नाही. कंपनी कार्डाला त्याच नंबरानं ओळखते."

"काकू, माझे बाबा हरवलेत. तुम्ही आकडे काय घेऊन बसलात?"

"बाबा हरवलेत असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ठिपका इथं आहे आणि..."

"ठिपका कोणाचा?" काकूंनी मोबाईल हातात घेतला. "माणसाचा नाही. घड्याळाचासुद्धा नाही. ठिपका कार्डाचा असतो, बाई."

"पण खाली बाबांचं नाव आहे!"

"आहे ना," काकू म्हणाल्या. "कारण ते कोणीतरी लिहिलंय."

खण उपसण्याचा आवाज एकदम थांबला.

४

व्यवस्थापकबाईंना ते आवडलं नाही. "यंत्राचं काही सांगू नका," त्या फणकारल्या. "आज सकाळीच बोंब मारली त्यानं. पावणेबाराला निरोप आला, कप्तान हद्दीबाहेर गेले! मी मान वर करून बघते तो कप्तान समोर बसलेले, पेपर वाचतायत. निरोप पुसून टाकला. असल्या यंत्रावर काय विसंबायचं?"

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की व्यवस्थापकबाईंनी उगाचच पदर सारखा केला. मग काकू थोरलीकडे वळल्या.

"कार्ड आलं तेव्हा ते एका प्लास्टिकच्या पट्टीत होतं. कार्ड मोडून काढायचं आणि पट्टी फेकून द्यायची. त्या पट्टीवरही नंबर असतो. तुमच्या बाबांची पट्टी फेकली असेल ना?"

"बाबा छापलेलं काही फेकत नाहीत," थोरली म्हणाली, आणि तिच्या हातातला चष्म्याचा डबा तिनंच उघडला. चष्म्याखाली, पुसायच्या फडक्याच्या घडीत, ती पट्टी होती. काकूंनी भिंग लावलं आणि शेवटचे पाच आकडे मोठ्यानं वाचले. ७७७७२.

ते ऐकताच थोरली एकदम पुढे सरकली. "सात पडलाय," ती म्हणाली.

"काय?"

"बाबा आठ दिवस हेच म्हणतायत. सात पडलाय, सात पडलाय. मी पलंगाखाली वाकून बघितलं काय पडलं ते. एकदा म्हटलं, अहो बाबा, अजून सात वाजले नाहीत. त्यांच्याजवळ एक कागद होता. केंद्रानं दिलेला."

कागद कारकुनानं दिला होता. आठ दिवसांपूर्वी दोन घड्याळांच्या बॅटऱ्या बदलल्या, एक बाबांचं आणि एक कप्तानांचं. तेव्हा दोघांचीही नावं मोबाईलमधून उडाली. कारकुनानं ती पुन्हा जोडली आणि दोन्ही घरांना कार्डाच्या नंबराचा कागद छापून दिला. बाबा तो कागद पट्टीशेजारी धरून तासभर बसले होते. मग कानामागची पेन्सिल काढून त्यांनी आकड्यांच्या मध्ये खालून हंसपद, म्हणजे काहीतरी सुटल्याची खूण, काढलं आणि समासात सात लिहिला. छापखान्यात एखादं अक्षर सुटलं तर ते पडलं म्हणतात. थोरली मुद्रितशोधकाची मुलगी, आणि तिलाच ते सुचलं नव्हतं.

"ते मी तेव्हाच समजावलं होतं," कारकून घाईघाईनं म्हणाला. "पट्टीवर वीस आकडे असतात, आपल्या पडद्यावर एकोणीसच दिसतात. शेवटचा दिसत नाही. आजोबांना वाटलं, चूक आहे."

"खरंय," काकू म्हणाल्या. "शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. आधीच्या एकोणीस आकड्यांवरून तो गणितानं काढतात. मधला एखादा आकडा चुकला की तो जुळत नाही. म्हणजे रांगेच्या शेवटी एक मुद्रितशोधकच बसवलेला. पण पुष्कळ पडद्यांवर त्याला दाखवतच नाहीत."

थोरलीची आशा मावळली. तीन वाजून गेले होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती.

"त्या कागदाची प्रत असेल तुमच्याकडे," काकू कारकुनाला म्हणाल्या.

"फाईल... शोधावी लागेल."

"शोधा. खण उपसायचा सराव आहेच तुम्हाला."

प्रत सापडायला दहा मिनिटं लागली. काकूंनी ती टेबलावर ठेवली, वर पट्टी ठेवली आणि बोटानं एकेक आकडा मोजत गेल्या. शेवटी पोचल्या आणि बोट तिथंच राहिलं.

"एक कमी आहे," त्या म्हणाल्या.

"तेच सांगतोय मी!" कारकून म्हणाला.

"एक कमी आहे, कबूल. पण कोणता?"

५

सगळे टेबलाभोवती जमा झाले. पट्टीवर शेवट ७७७७२. कागदावर शेवट ७७७२.

"शेवटचा आकडा लपला असता, तर कोणता लपला असता?" काकूंनी विचारलं.

"दोन," थोरली म्हणाली.

"मग उरलं असतं ७७७७. कागदावर तसं आहे का? नाही. इथं दोन ठणठणीत हजर आहे. गेलाय तो मधला सात. तुमच्या बाबांनी बरोबर तिथंच खूण केली होती. हा त्यांच्या कार्डाचा एक आकडा कमी केलेला नंबर नाही. हे कार्डच दुसरं आहे."

"दुसरं कोणाचं?"

"मी विकलेली बारा कार्डं एका ओळीतली होती. वही आणा."

केंद्राची रीत अशी, की वीस आकडे कोण लिहीत बसणार, म्हणून वहीत प्रत्येकाच्या नावापुढे शेवटचे चारच. जुन्या कारकुनानं ते कार्डावर बघून लिहिले होते. बाबांपुढे ७७७२. आणि दोन ओळी खाली, कप्तानांपुढे, ७७२३.

"कप्तानांच्या कार्डाचा शेवट ७७७२३," काकू म्हणाल्या. "त्यातला शेवटचा तीन पडद्यावर दिसत नाही. मग पडद्यावर काय दिसणार?"

धाकट्यानं गाल धरूनच उत्तर दिलं. "७७७२."

"वहीतले चार कार्डावरचे, पडद्यावरचे चार त्याच्या एक घर अलीकडचे. या कारकुनांनी वहीत बघून बाबांसाठी ७७७२ टाकलं आणि पडद्यानं कप्तानांचं कार्ड काढून दिलं. आता जरा इशाऱ्याचं बटण दाबा. आणि कप्तानांकडे बघा."

थोरलीनं बाबांच्या नावासमोरचं बटण दाबलं.

"डास!" कप्तान ओरडले आणि मनगटावर चापट मारली.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा चापट. व्यवस्थापकबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळचा तो निरोप खोटा नव्हता. हद्दीबाहेर गेलं होतं ते कप्तानांच्या नावावरचं कार्ड, आणि ते बाबांच्या मनगटावर होतं. पण जो माणूस समोर बसलाय, त्याचा ठिपका कोण शोधतो?

कारकून खुर्चीत बसला. "कप्तानांसाठी ७७२३ टाकलं तर काही निघेना," तो म्हणाला. "एकच कार्ड उरलं होतं, ७७७७ वालं. ते त्यांच्या नावावर टाकलं. दिवसभर दोघं एकाच खोलीत, संध्याकाळी मोबाईल कपाटात. कोणाच्या लक्षात येणार? आजोबा सात पडलाय म्हणाले तेव्हा मला शंका आली होती. पण विचारायला गेलो असतो तर नोकरी गेली असती."

"आणि आज?" थोरलीनं विचारलं. "आज सकाळपासून?"

तिला त्याच्या दोन थोबाडीत द्यायच्या होत्या, पण तेवढा वेळ कोणाकडे होता? धाकट्यानं कप्तानांच्या नावाचा ठिपका उघडला. तो शहराच्या पलीकडच्या टोकाला होता, ट्रकच्या रस्त्याला लागून. बाजूला बॅटरी लिहिली होती, दोन टक्के. काल रात्री बाबांच्या मनगटावरच घड्याळाला चार्जर लावायचं थोरलीच विसरली होती.

"ही गल्ली मी पाहिलीय," ती नकाशावर वाकली. "इथं..."

तेवढ्यात ठिपका विझला.

६

धाकट्याच्या गाडीत पुढे धाकटा आणि थोरली, मागे मावशी. थोरलीनंच त्यांना हात धरून बसवलं होतं. वाटेत ती मागे वळली.

"मावशी, मी वाटेल ते बोलले. चुकलं माझं."

"आधी बाबा सापडू देत," मावशी म्हणाल्या. "मग मी चांगली भांडणार आहे तुमच्याशी."

ट्रकचा रस्ता आला तेव्हा थोरली काचेला नाक लावून दोन्ही कडा बघू लागली. चष्म्याशिवाय बाबांनी हा रस्ता कसा ओलांडला असेल? कडेला गर्दी दिसली की ती मान बाहेर काढायची. एका ठिकाणी माणसं खरंच घोळका करून उभी होती. धाकट्यानं गाडी हळू केली. कोणाच्या तरी दुचाकीचं चाक पंक्चर झालं होतं, एवढंच.

त्या गल्लीत पूर्वी बाबांचा छापखाना होता. लहानपणी थोरली त्यांचा डबा घेऊन इथं यायची. आता तिथं फरश्यांचं दुकान होतं, भिंतींना टेकवलेल्या गुळगुळीत फरश्या आणि मध्ये काचेचं टेबल. टेबलाशी एका स्टुलावर बाबा बसले होते. मनगटावर बंद पडलेलं घड्याळ, पायातली एक चप्पल गायब, गुडघा खरचटलेला. नाकाला एक कागद लावलेला.

थोरलीच्या तोंडून हुंदकाच बाहेर पडला. धाकटा दारातच भिंतीला टेकला.

"तुमचे का हे आजोबा?" दुकानदार उठला. "बरं झालं बाई आलात. दोन तास सांगतोय, हे फरश्यांचं दुकान आहे. ऐकतच नाहीत. म्हणतात, चुकीचं छापलंय, दुरुस्त करून दिल्याशिवाय हलणार नाही. पाणी दिलं, तर म्हणाले, आधी काम."

बाबांनी कागद खाली केला आणि थोरलीकडे पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती. कामावर नव्यानं आलेल्या बाईकडे बघावं तसं त्यांनी बघितलं.

"तुम्ही जुळारी खात्यातल्या? खिळे जुळवणाऱ्या?"

थोरलीनं डोळे पुसले. "हो," ती म्हणाली.

"मग हे बघा. सात पडलाय इथं. आठ दिवस घसा फोडून सांगतोय, कोणी ऐकत नाही. आकड्याच्या चुकीला क्षमा नसते. अक्षर चुकलं तर वाचणारा सांभाळून घेतो. आकडा चुकला तर माणूस भलत्याच दारात जातो."

"तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "सात पडला होता. आमच्याच कोणाच्या लक्षात आला नाही."

तिनं चष्म्याचा डबा उघडला, चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. मग त्यांच्याच कानामागची पेन्सिल घेऊन कागदावर, हंसपदाच्या खाली, वीसच्या वीस आकडे नव्यानं लिहून काढले. बाबा नखानं एकेक आकडा पट्टीशी ताडत गेले. शेवटच्या दोनवर नख थांबलं. त्यांनी पेन्सिल परत घेतली, समासात बारीक अक्षरात सही केली आणि वर एकच शब्द लिहिला. छापा.

मग ते उठले. खरचटलेला गुडघा दुखला असावा, कारण त्यांनी आधारासाठी तिचा हात धरला आणि तो सोडला नाही.